माझा आवाज गेला म्हणे

नातवंडांनो, तुमच्या या आजीचा आवाज गेला, असं आमच्या विहाराच्या अध्यक्षांनी मला माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिताना सांगितलं.

"वय झालं ना आता, मॅडम. मागं बसणाऱ्या बायांले काहीच समजून नाही राहिलं. यंदाचं वाचन भातकुलीच्या सरांकडे देऊ. त्यांचा आवाज कसा खणखणीत आहे." एवढं बोलून त्यांनी बिस्किट बुडवलं. मी कप हिसकावून घेतला नाही, एवढाच माझा संयम.

तुम्ही इतक्या दूर वाढलात, म्हणून सांगते. पावसाळ्याचे तीन महिने आपल्या विहारात वर्षावासाचं वाचन असतं. रोज संध्याकाळी एकाने ग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. अमरावतीच्या आमच्या वस्तीत वाचायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे आहे. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मागच्या बाकावर पेंगणारं पोरगं माझ्या आवाजाने दचकून उठायचं. असा आवाज एकाएकी कुठे जाईल? बदललं होतं ते विहार, मागच्या वर्षी. टिनाचं छप्पर आणि शहाबादी फरशी गेली, स्लॅब आला, चकचकीत टाइल्स आल्या, काचेच्या खिडक्या आल्या. देखणा हॉल झाला. पण आत टाळी वाजवली की ती घुमत राहायची, आणि माइकवर बोललं तर एका शब्दाच्या अंगावर दुसरा चढायचा. मागे आवाज पोचत होता, शब्द पोचत नव्हता. हे मी समितीला दोनदा सांगितलं. उत्तर आलं, "हॉल तर नवीन आहे, मॅडम." म्हणजे जे जुनं, तेच बिघडलेलं.

मी अकोल्याला तुमच्या आत्याला फोन केला. ती तिथे पदार्थविज्ञान शिकवते. ती म्हणाली, खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो हे मोजणारा एक प्रोग्रॅम असतो, आणि मोजणीचा खास माइक तिच्या प्रयोगशाळेत आहे. शनिवारी ती लॅपटॉप आणि माइक घेऊन आली. अध्यक्ष आणि समितीचे दोन सभासद पाहायला हजर झाले. न बोलावता.

पद्धत साधी आहे. लॅपटॉप स्पीकरमधून एक आवाज सोडतो, खर्जातून सुरू होऊन शिट्टीपर्यंत चढत जाणारा. माइक तो ऐकतो. आवाज थांबल्यावर हॉलमध्ये काय उरतं, ते पडद्यावर रेघेने दिसतं. ज्या वाटेने माझं बोलणं जातं त्याच वाटेने हा आवाज जावा, म्हणून आत्याने लॅपटॉपची वायर विहाराच्या अॅम्प्लिफायरला, माइकच्याच जागी लावली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. आवाज हॉलभर फिरला, पण माइकची पातळी दाखवणारी पट्टी मेल्यासारखी पडून होती. अध्यक्ष हसले. "मशीनलेही आयकू येत नाही वाटते!" मी चष्मा लावला आणि सेटिंगमधला मजकूर ओळीने वाचून काढला. माइक वापरायची परवानगीच प्रोग्रॅमला दिलेली नव्हती. ती दिली. पट्टी हलली. पुन्हा आवाज सोडला.

रेघ उमटली, आणि लगेच सरळ खाली कोसळली. आवाज थांबला की हॉल गप्प. जणू भिंतींना गाद्या लावल्या आहेत.

"पाहा, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "मशीनच सांगून राहिली. हॉल एक नंबर आहे. आता तुमीच समजून घ्या." सभासदांनी माना डोलावल्या, आणि तिघेही चपला घालून बाहेर पानटपरीकडे गेले.

मला इतका संताप आला की मी तुमच्या आत्यावरच ओरडले. "हेच दाखवायला अकोल्याहून आलीस का?"

"आई, आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग माझे कान खोटं बोलतात?" मी तिच्या तोंडासमोर टाळी वाजवली. ती टाळी छताला, खिडक्यांना, पुन्हा छताला लागून फिरत राहिली. आम्ही दोघी ती विरेपर्यंत उभ्या होतो. "हे ऐकलंस? हे कुठे आहे तुझ्या रेघेत?"

मग मी तेच केलं जे वर्गात करत आले. वाक्य चुकलं की अख्खा परिच्छेद खोडायचा नसतो, एकेक शब्द तपासायचा असतो. "आधी मला सांग, हे यंत्र ऐकतं कुठून?" तिने स्टँडवरच्या माइककडे बोट दाखवलं. मी त्या माइकवर नखाने टकटक केलं. पट्टी ढिम्म. मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला टकटक केलं. पट्टी उसळली.

प्रोग्रॅम तिच्या खास माइकमधून ऐकतच नव्हता. लॅपटॉपच्या पोटातल्या माइकमधून ऐकत होता. आत्या त्याच लॅपटॉपवर ऑनलाइन वर्ग घेते, आणि आजूबाजूचा गोंगाट, घुमणं गाळून टाकायची सोय तिने त्यात कायमची चालू ठेवली होती. आम्ही जे मोजायला आलो होतो, तेच तो माइक कचरा समजून फेकत होता. आणि त्या फेकाफेकीवरून माझा निकाल लागला होता!

तिने इनपुटमध्ये खास माइक निवडला, ती गाळणी बंद केली. पट्टी आता लाल होऊ लागली, म्हणून माइकची पातळी कमी केली. पुन्हा आवाज सोडला.

या वेळी रेघ हळूहळू उतरली. पण उतरताना तिला उंचवटे होते. एक, मग तेवढ्याच अंतरावर दुसरा, मग तिसरा, पायऱ्यांसारखे.

"थोडं घुमणं टाइल्सचं आहे," आत्या पडद्याजवळ वाकून म्हणाली. "पण भिंती इतक्या शिस्तीने परत बोलत नाहीत, आई. हे कोणीतरी मुद्दाम करतंय."

आम्ही अॅम्प्लिफायरचं कपाट उघडलं. बटणांच्या रांगेत एका बटणावर चिकटपट्टी लावलेली होती, कोणी फिरवू नये म्हणून. खाली लिहिलेलं होतं, इको, म्हणजे बोललेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं बटण. ते पुरतं उजवीकडे फिरवलेलं होतं.

आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात इको लागतोच, त्याशिवाय गायक माइक हातात घेत नाही. मागच्या वर्षी जयंतीला तो वाढवला गेला. पण कार्यक्रम झाल्यावर कमी का नाही केला? अध्यक्षांना बोलावून विचारलं. ते बटणाकडे पाहत म्हणाले, "भाषणाले वजन येते, मॅडम. साधा आवाज कसा, पडल्यासारखा वाटते. पोरं बटणं फिरवतात, म्हणून मीच पट्टी लावली."

"तुमच्या भाषणाचं वजन माझ्या वाचनावर कायले टाकलं?" मी वऱ्हाडीत विचारलं. रागात मला तीच भाषा येते. "आणि मंग माझं वय काढाले घरी आले?"

"तसं नाही, मॅडम..."

"तसंच आहे."

त्यांनी माफी मागितली नाही. संध्याकाळी सभासदांना सांगताना मी ऐकलं, "लॅपटॉपनं सेटिंग ठीक करून देल्लं." लॅपटॉपनं! ज्याने सगळ्यात मोठं खोटं सांगितलं, त्याचं नाव झालं. भातकुलीच्या सरांना मात्र नको म्हणून फोन गेला, कारण वाचन मीच करणार असं मी कपाटाची किल्ली हातात धरूनच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी काढली, इको शून्यावर आणला, टाइल्सवर सतरंज्या अंथरल्या. संध्याकाळी मी यंदाचं पहिलं वाचन करायला बसले. पहिलं पान झाल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायकांना विचारलं, ऐकू येतंय का?

"येते ना वो," एक जण म्हणाली. "मागच्या साली तर नुसतं घूंऽऽ घूंऽऽ होये. आमी आपले हात जोडून बसो."

अख्खा वर्षावास. त्या रोज येत होत्या, हात जोडून बसत होत्या, आणि एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या कंटाळलेल्या दिसल्या, तर अध्यक्ष म्हणे माझाच आवाज गेला. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, नेमकं काय होतं म्हणून. माझ्या अपमानापेक्षा मला याचा राग जास्त आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी पुढे वाचू लागले. तिसऱ्या पानावर तीच बाई मधेच बोलली.

"थांबा वो, मॅडम. हे जे आत्ता वाचलं ना, ते मले नाही पटलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अध्यक्ष पुढच्या रांगेतून उठले. "वाचनाच्या मधात बोलू नका, बाई!"

"तुम्ही बसा," मी म्हणाले, आणि पानावर बोट ठेवून तिला विचारलं, "काहून नाही पटलं?"