व्हर्ल टॉल्मनची चोरवाट

व्हर्ल टॉल्मनने बसवलेला दगड लाथ मारून हलवून दाखवा, असं म्हटलं तर आमच्या गावात कुणी पुढे येणार नाही. पाय मोडून घ्यायची हौस कुणाला असते? दक्षिण युटाच्या या लाल वाळवंटात एकोणीस वर्षं तो दर शनिवारी स्वयंसेवकांची टोळी घेऊन माउंटन बाइकच्या वाटा खोदतोय. सगळ्या रीतसर, जमीन खात्याच्या परवानगीने.

एक सोडून.

झालं असं, की साठीच्या तोंडावर व्हर्लचे दोन्ही गुडघे गेले. इथल्या वाटा म्हणजे खडकावरून धाडकन खाली, की लगेच छातीवर येणारा चढ. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, पण उड्या बंद." उड्यांशिवायची वाट गावात होती कुठे? मग पठाराच्या मागच्या अंगाला, ज्युनिपरच्या झाडांमधून व्हर्लने स्वतःपुरती एक वाट कोरायला घेतली. तीन मैल, एका पातळीत, गुडघ्याला कळूही नये अशी. तिला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. तिकडच्या मातीवर काळी खरबरीत साय असते. ती जिवंत असते, आणि एकदा मोडली की पुन्हा धरायला माणसाचं आयुष्य जातं. व्हर्लने ती साय चुकवत, खडकाखडकावरून वाट नेली. अकरा वर्षं लागली, कारण खोदकाम फक्त रविवारी.

रविवारी आमचं मॉर्मन गाव एक तर चर्चमध्ये, नाहीतर जेवून आडवं. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, सायकलला तर नाहीच. त्यामुळे वाळवंटात चिटपाखरू नसतं. चर्चमधून आल्यावर व्हर्ल बायकोला सांगायचा, "लरू, म्हाताऱ्या ओरिनला बघून येतो गं." लरू ओरिनसाठी घरचा पाव बांधून द्यायची. ओरिन वारला त्याला चार वर्षं झाली. व्हर्लचं बघून येणं चालूच राहिलं, आणि लरूचं पाव बांधणंही. कोण कुणाला फसवत होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

या वसंतात व्हर्लला एकाहत्तरावं लागलं आणि वाट पुरी झाली. आनंदाच्या भरात त्याने शेजारच्या मार्व्हला त्या वाटेवर नेलं. मार्व्हच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. पण त्या वेळी गडी खरंच गप्प बसला. बोललं ते लेकीने दिलेलं, फिरलेली वाट आपोआप नोंदवणारं घड्याळ. कोरा नकाशा, त्यावर तीन मैलांची सुबक रेघ, आणि ती ॲपवर साऱ्या जगासाठी उघडी!

"देवाशपथ, मी एक शब्द बोललो नाही!"

"तू नाही रे, तुझं मनगट बोललं."

तीन आठवड्यांत वाटेच्या तोंडाशी चाळीस गाड्या उभ्या राहायला लागल्या. पोरं वळणं कापून सायकली हाकायला लागली, आणि काळी साय पापडासारखी मोडली. जमीन खात्याच्या टेसने मार्व्हला विचारलं, तर तो म्हणाला, "भटकत गेलो, वाट दिसली." मग तिने वाट पुसून टाकायचं ठरवलं आणि फोन केला, अर्थातच, व्हर्लला.

"मिस्टर टॉल्मन, तुमच्याइतकं सफाईदार काम कोण करणार?"

व्हर्ल म्हणाला, "येतो."

सातजण जमले. डोनटचा खोका गाडीच्या बॉनेटवर. आमचे बिशप स्टॅपली एरवी प्लंबर. तेही दाताळं घेऊन हजर. एका वळणाशी ते वाकले.

"बघा, पाचर मारून बसवलेत दगड. असं काम तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "पण शनिवारी सगळे टोळीत असतात, आठवडाभर ज्याचा त्याचा धंदा. या भल्या माणसाला वेळ मिळाला तरी कधी?"

मार्व्हची बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटली. व्हर्ल पाचरीखाली पहार घालून स्वतःचाच दगड उचकटत होता. तो काही सहज निघेना.

तिसऱ्या शनिवारी शेवटचं वळण तेवढं उरलं.

"टेस, एवढं राहू दे," व्हर्ल म्हणाला. "इथे साय नाही, नुसता खडक आहे."

"राहिलं तर लोक पुढची वाट शोधत येतील, मिस्टर टॉल्मन. आणि ठेवायचं ते कशासाठी?"

कशासाठी ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मग दंड, टोळीतून हकालपट्टी आणि अकरा वर्षांच्या मोडलेल्या रविवारांची कबुली, तीही बिशपसमोर. एवढं करून वाट वाचणार नव्हतीच.

"ब्रदर टॉल्मन," बिशप हळूच म्हणाले, "काही सांगायचंय का?"

"नाही. ऊन फार झालंय, इतकंच."

वाट दिसू नये म्हणून तिच्यावर वाळलेल्या ज्युनिपरच्या फांद्या उभ्या रोवतात, म्हणजे लांबून झाडोराच वाटतो. मार्व्ह एक फांदी रोवत होता, बोटभर खड्ड्यात.

"खोल खण," व्हर्ल म्हणाला. "पहिल्या वाऱ्यात पडेल ती."

"मुद्दामच रोवतोय तशी, गाढवा," मार्व्ह दातांतल्या दातांत पुटपुटला. "पडली की वळण पुन्हा तुझंच. गप बस ना."

व्हर्लने त्याच्याकडे पाहिलं. मग फांदी त्याच्या हातातून काढून घेतली, खडकाला धरत एकेक गुडघा खाली टेकवला आणि कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणायला घेतलं.