एक जूनवाले दोघं

रशीद चाचांच्या वॉलवर आज बर्थडे विश टाकू नका. चाचा गुरुवारी गेले.

फेसबुकला अजून पत्ता नाही. सकाळपासून नोटिफिकेशन देऊन राहिलं, आज दोघांचा वाढदिवस. चाचांचा आणि माझ्या बाबांचा.

एक जून.

तसा तो खरा वाढदिवस दोघांचाही नाही.

अंजनगावजवळच्या आमच्या गावात गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. तारीख कोणाच्याच मायला ठाऊक नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून लिहायचे.

बाबा आणि चाचा एकाच सकाळी त्या रांगेत उभे होते. चाचांचा हात काही पोचेना. बाबांनी मागून त्यांची मुंडी दाबली आणि चाचा पास झाले.

"मी नसतो त तू अजून घरीच बसला असता," बाबा दरवर्षी म्हणायचे.

"अन् मी नसतो त तुले पाढे कोन सांगितले असते बे?" चाचा.

पुढे चाचांनी अकोल्याला, जुन्या शहरात, कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही अमरावतीला आलो. पण एक जूनला बाबा पहिल्या बसने अकोल्याला जाणार म्हणजे जाणार. दोघं मिळून जिलेबी खाणार. शुगर दोघांनाही!

या उन्हाळ्यात चाचांच्या जन्मदाखल्याची चौकशी लागली. दाखला उशिरा काढलेला होता, आणि असे दाखले बाहेरच्या देशातून आलेल्यांनी काढले असा सरकारला संशय. साहेबांनी विचारलं, "ही तारीख खरी आहे का?"

आणि हा भोळा माणूस म्हणाला, "नाही साहेब, गुरुजीनं अंदाजानं लिवली."

झालं! कागदावर शेरा आला, तारखेबाबत शंका.

बाबांची तारीखही त्याच गुरुजींनी, त्याच दिवशी लिहिलेली. तिच्यावर बाबांनी नोकरी केली, आता पेन्शन घेतात. त्यांना आजवर कोणी काही विचारलं नाही.

चाचांचा फोन आला. "भाऊ, एक साक्षीदार पायजे. मी इथलाच आहो म्हून सांगनारा."

बाबा लगेच इस्त्रीचा सदरा घालून तयार.

मी अडवलं. हो, मीच.

मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. वातावरण हे असं. उद्या आपल्यालाच बोलावलं तर? आपलेच कागद काढायला लावले तर? बाबांना म्हटलं, "ऊन किती आहे, तुमचा बीपी... पुढच्या आठवड्यात जाऊ."

असे चार पुढचे आठवडे गेले.

शेवटच्या फोनवर चाचा मला म्हणाले, "बेटा, तुले तरास नको. पन मले झोप नाही येत. या वयात मले कुठं पाठवतीन वं?"

मी म्हटलं, "काही होत नाही चाचा, उगाच टेन्शन घेऊ नका." माझं काय जात होतं म्हणायला!

गुरुवारी दुकानातच हार्ट अटॅक आला.

कब्रस्तानाच्या गेटवर रजिस्टरमध्ये नोंद चालली होती. लिहिणाऱ्याने विचारलं, "जन्मतारीख?"

कोणती सांगावी याचीच चाचांच्या मुलाला भीती. मी बाबांचा हात धरून उभी होते. बाबांनी तो सोडवला.

"एक जून. लिवा."

"तुम्ही कोण, काका?"

"साक्षीदार. मी संग होतो."

त्या माणसाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. दोन मिनिटंही लागली नाहीत हो. या दोन मिनिटांसाठी मी चाचांना महिनाभर जागवलं.

आज बाबा सकाळपासून तोच सदरा घालून बसलेत. बसची वेळ टळून गेली. मघाशी म्हणाले, "माही तारीख आता कोनाले माईत आहे वं?"

मी आत जाऊन त्यांची फाइल काढली. तीनदा पाहिली. सगळे कागद आहेत. तरी फाइल परत कपाटात ठेवायचा धीर होऊन नाही राहिला.

चाचा, तुमचा साक्षीदार मी उशिरा पाठवला. माफ करा.

आखरी सलाम.