बारा आणि अठरा

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे दिवा लावताना कितीदा ओठांवर आली, आणि तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठले. आता हात थरथरायला लागलाय, अक्षर बिघडत चाललंय. ज्या अक्षराने ते केलं, ते थोडंफार शिल्लक आहे तोवर त्याच अक्षरात लिहून ठेवावं, म्हणून बसले आहे.

अक्षरापासूनच सुरुवात करते. माझं अक्षर सुंदर होतं. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे — आणि मी ते ऐकायला थांबायचे.

मी वऱ्हाडातली. माहेरी मराठी सातवी झाले आणि लग्न होऊन जालन्याला आले. तेव्हा इथे निजामाचं राज्य. चांगल्या खात्यापित्या मराठी घरांतले लोकसुद्धा शाळेत उर्दू शिकलेले. बोलायचे मराठी, पण चिठ्ठी लिहायची म्हटली की उजवीकडून डावीकडे. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, आणि दोन-तीन वर्षांत शाळा मराठी झाल्या. शाळा झाल्या, पण मास्तर कुठून आणणार? मराठी लिहितावाचता येणारं माणूस मिळालं की सरकार हात धरून वर्गात उभं करत होतं. तशी मी 'बाई' झाले. मस्तगडाच्या पलीकडे, गावाच्या कडेला नवी वस्ती वाढत होती, तिथल्या शाळेत. 'वासरात लंगडी गाय शहाणी' — ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचे. स्वतःला लावून पाहायचं कधी सुचलं नाही.

त्या शाळेत किसनराव मास्तर होते. पन्नाशीचे, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा. उर्दू शाळेत त्यांनी वीस-बावीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. पण मराठी छापील वाचायचं म्हटलं की अडखळायचे, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायचे. त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणून जायचे आणि मग वर्गाबरोबर स्वतःही हसायचे. एक दिवस वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, मला कित्ता घालून द्या. या वयात शिकून राह्यलो, हसू नका." मी रोज वरच्या ओळीत माझ्या वळणदार अक्षरात एक वाक्य लिहून द्यायचे, खाली ते दहा वेळा गिरवून आणायचे. मी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. मला ते फार आवडायचं. का आवडायचं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पाचवी-सहावीचं गणित माझ्याकडे होतं, सातवीचं त्यांच्याकडे. आणि सातवीला सरकारी परीक्षा असायची.

आता खरं सांगते. मला गणित येत नव्हतं. म्हणजे बेरजा, गुणाकार, व्याज — एवढं यायचं. पण सहावीच्या पुस्तकात लसावि आणि मसावि आले. माहेरी ते झाले होते की नाही, मला आठवेना. कुणाला विचारायचं? शुद्ध मराठीच्या बाईने मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा? मी शब्दच फोडला. लघुत्तम म्हणजे सर्वांत लहान, तेव्हा लसावि म्हणजे लहान उत्तर. महत्तम म्हणजे सर्वांत मोठा, तेव्हा मसावि म्हणजे मोठं उत्तर. बारा आणि अठरा या संख्या फळ्यावर लिहिल्या — लसावि सहा, मसावि छत्तीस. ठळक, गोल अक्षरात. मुलांनी उतरवून घेतलं. खरं म्हणजे ते बरोब्बर उलटं असतं. पुढे अपूर्णांकांच्या बेरजा आल्या, तिथे माझं काहीच जमेना, तेव्हा 'हे सातवीत होईल' म्हणून पानं उलटली.

वर्ग सातवीत गेला. आठवडाभरात किसनराव मास्तर मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आले. आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघून घेतलं त्यांनी. हळूच म्हणाले, "बाई, बुरा मानू नका. लघुत्तम नावानं छोटा हाय, पन निघतो मोठा. ते जरा उलटं झालंय. मी पोरायला तुमचं नाव सांगनार न्हाई. दोन महिन्यांत बराबर करून घेतो."

किती साधं होतं! 'बरं झालं सांगितलंत, मास्तर' — इतकंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "पुस्तक मराठीत आहे मास्तर. नीट वाचून घ्या आधी." ते मान हलवून गेले. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी वही घेऊन कित्त्याला आले! तेव्हापासून मला त्यांचं तोंड बघवेना. दुसऱ्याने आपली चूक झाकून घ्यावी, आणि त्याचाच राग यावा — असं तुमचं कधी झालंय का? न झालं असेल तर बरं.

ते मुलांना सुधारून सांगू लागले. मुलं घरी जाऊन बोलू लागली की बाईंनी एक शिकवलं, मास्तर उलटं शिकवतात. आणि वस्तीतले आईबाप आधीच धास्तावलेले होते. सातवीची पुस्तकं दिवाळी आली तरी आली नव्हती. एका खोलीत दोन वर्ग, एक मास्तर महिन्यातून पंधरा दिवस गायब. उर्दू होती तेव्हा पोरांना निदान गणित यायचं, आता धड उर्दू नाही, धड मराठी नाही — हे मी दळणाच्या गिरणीत, पाण्यावर, सगळीकडे ऐकत होते. खोटं नव्हतं ते. शाळा खरंच घसरत होती.

त्यातल्या रंगनाथरावांबद्दल सांगायला हवं. पिंपळगाव रेणुकाईकडचे शेतकरी. शेत भावाच्या हवाली करून मुलांच्या शाळेसाठी इथे आले आणि सरकी-कापसाच्या कारखान्यात कामाला लागले. आले होते मुलग्यांसाठी, पण डोकं निघालं मुलीचं. शेवंता तिचं नाव. वस्तीतली सातवीत पोचलेली पहिली मुलगी. सातवी पास झाली की तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायचं त्यांनी ठरवलं होतं. नाहीच झाली पास, तर स्थळ सांगून आलेलं होतं. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही मला ठाऊक होत्या.

एका दुपारी शाळा सुटल्यावर पंधरा-वीस पालक माझ्याकडे आले. तपासनीस साहेबांना अर्ज करायचा होता. साहेब पुण्याकडचे, त्यांना उर्दू येत नव्हती, आणि या लोकांना मराठी लिहिता येत नव्हतं. रंगनाथराव म्हणाले, "तुमी लिहा बाई. कोनाचं नाव घालू नका, कोनाच्या पोटावर पाय नको. पन शाळा सुदरली पायजे, येवढं बिलकुल लिहा."

मी लिहिला. पुस्तकं, खोल्या, गैरहजेरी — सगळं त्यांनी सांगितलं तसं. आणि मधे — कसं सांगू? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. मधे मी पाच ओळी माझ्या घातल्या. 'सातवीचे शिक्षक किसनराव यांस मराठी वाचता येत नाही. ते गणित उलटे शिकवितात. सहावीपर्यंत नीट शिकून आलेली मुले त्यांच्या हाती बिघडतात.' अशा पाच ओळी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय.

मग अर्ज मी सर्वांना वाचून दाखवला. वाचताना त्या पाच ओळी गाळल्या.

आवाज बदलला नाही माझा. बोट वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर सरकवलं आणि पुढे वाचत गेले. समोर शहाणीसुरती माणसं बसली होती. त्यांतले काही उर्दूत कादंबऱ्या वाचणारे. त्या कागदावर काय आहे, हे मात्र त्यांतल्या एकालाही कळत नव्हतं. एकेकाने उजवीकडून डावीकडे आपली झोकदार सही केली. रंगनाथरावांनी अंगठा लावला आणि बोटाची शाई पुसत म्हणाले, "मोत्यावानी अक्षर हाय बाईचं."

दीड महिन्याने साहेब आले. पालकांना ओसरीवर बसवलं, आम्हा शिक्षकांना भिंतीशी उभं केलं. साहेबांनी अर्ज काढून किसनराव मास्तरांच्या हातात दिला. म्हणाले, "तुम्हाला मराठी वाचता येत नाही असं यात लिहिलंय. वाचा पाहू हाच."

मास्तरांनी चष्मा लावला. कागद पाहिला, आणि क्षणभर थांबले. तेवढ्यात त्यांनी अक्षर ओळखलं. रोज दहा वेळा गिरवलेलं अक्षर — ते कसं नाही ओळखणार? आणि मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. बोट न ठेवता, न अडखळता. पुस्तकं, खोल्या, गैरहजेरी, आणि मग त्या पाच ओळी. 'किसनराव यांस मराठी वाचता येत नाही', हेसुद्धा त्यांनी स्वच्छ, सरळ वाचलं. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं मराठी कधी वाचलं नसेल.

ओसरीवर चुळबुळ झाली. त्या ओळी पालक पहिल्यांदा ऐकत होते. रंगनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. पण बोलणार कोण? साहेबांपुढे उठून 'आम्ही काय सही केली ते आम्हालाच वाचता आलं नाही' असं कोण म्हणणार? मला ते ठाऊक होतं. त्या शरमेवरच मी विसंबले होते.

साहेब म्हणाले, "वाचता येतं की तुम्हाला."

तिथे सुटले असते ते. मास्तरांनी कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "अक्षर लई छान हाय साहेब, म्हनून वाचता आलं." हे टोचून म्हणाले, की आयुष्यभर खरं बोलायची सवय म्हणून म्हणाले — मला अजून कळलेलं नाही. साहेबांनी मग छापील पुस्तक पुढे केलं. दुसऱ्याच ओळीत मास्तर थांबले, बोट ठेवलं, घाम पुसला. वर्गाच्या खिडकीतून मुलं बघत होती. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझ्या पदराचं टोक नीट करत होते.

महिनाअखेर त्यांना कमी केलं. घनसावंगीकडे त्यांचं गाव होतं, तिकडे गेले म्हणे. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. विचारावं असं वाटायचं, आणि उत्तर काय येईल याची भीती वाटायची. मी विचारलं नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच ना? एवढंच नाही. सातवीचं गणित माझ्याकडे आलं.

आता मला खरं माहीत होतं. नावाने लहान तो निघतो मोठा, हे मास्तरांनी सांगितलं त्याच रात्री मी पुस्तक काढून ताडून पाहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. वर्गात जाऊन फळ्यावर दोन आकडे बदलायचे होते. एके दिवशी शेवंता उभी राहिली. म्हणाली, "बाई, मास्तर तं म्हनत होते, लसावि छत्तीस येतो. मंग आपून सहा का लिहितो?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "मास्तरांना मराठी येत नव्हतं, शेवंता. बस खाली." ती बसली. वहीत छत्तीस लिहिलेलं तिने खोडलं आणि सहा लिहिलं. मी ते पाहिलं.

अज्ञानाने शिकवलं ते एक वर्ष. समजून-उमजून शिकवलं ते हे दुसरं.

परीक्षा झाली, निकाल आला. जवळपास सगळा वर्ग गणितात नापास झाला. लसाविच उलटा, मग अपूर्णांक कुठून सुटणार? ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलं गावातल्या दुसऱ्या शाळेत घातली, बाकीची कारखान्यात सरकी वेचायला लागली. ते पाहून सहावीतली मुलंही घरच्यांनी काढून नेली. पुढच्या वर्षी सातवीला मुलंच उरली नाहीत, म्हणून तो वर्ग बंद झाला. लोक म्हणाले, आपण अर्ज केला, मास्तर काढला, तरी शाळा सुधारली नाही. आता या शाळेचं काही होत नाही. त्यानंतर त्या वस्तीतून कुणी अर्ज केल्याचं मी ऐकलं नाही. मी दुसऱ्या शाळेत बदलून गेले, तिथल्या मुलांना बरोबर शिकवलं, आणि पुढे शाल-नारळ घेऊन रीतसर निवृत्त झाले.

शेवंताच्या लग्नाची सुपारी फुटली त्या आठवड्यात रंगनाथराव घरी आले होते. त्यांना त्या पाच ओळी आठवत असणारच. तरीही दारात उभे राहून, टोपी काढून मला म्हणाले, "तुमी लई मेहनत घेतली बाई. पोरीच्या डोक्यातच हिसाब न्हाई, त्याला तुमी काय करनार?" मागे शेवंता उभी होती, हातात लग्नाच्या अक्षता घेऊन. तिने वाकून मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला — त्याच डोक्यावर — आणि आशीर्वाद दिला.

बारा आणि अठरा. लसावि छत्तीस. मसावि सहा.

हे मी त्या वर्गाला कधीच सांगितलं नाही.