तात्यांच्या शेडातली हवा

त्या उन्हाळ्यात माझं काम साधं होतं. तापमान आणि आर्द्रता मोजणारे स्वस्तातले, बॅटरीवर चालणारे सेन्सर गावोगाव लावायचे, त्यांचे आकडे मोबाइलवर बघायचे आणि बारामतीच्या सरकारी हवामान केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. भिगवणचे, इंदापूरकडचे सेन्सर नीट चालत होते. फक्त काटेवाडीत, माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, कोंबड्यांच्या शेडातला काहीतरी भलतंच दाखवायचा. दुपारी केंद्रापेक्षा पाच-सहा अंश जास्त, आणि दमटपणा तर जवळजवळ दुप्पट.

"हा खराब निघाला, तात्या," मी म्हणाले आणि तिथे दुसरा लावला.

"त्याला बी ऊन लागलं आसंल," तात्या हसले.

काढलेला सेन्सर मी केंद्रात तापमापक ठेवायच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेले, तर दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच. बरं वाटलं, पण क्षणभरच. सेन्सर खराब नव्हता. मग शेडात खरंच तेवढं तापत होतं.

मोबाइल उघडला. शेडातला नवा सेन्सरही तेच सांगत होता, आज तर आणखीच वर. दुपारी तात्या शेडातच असायचे. अशा दमट उकाड्यात घाम वाळत नाही, माणूस आतून तापत जातो, हे मीच लोकांना सांगत फिरत होते. तात्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. काकू माहेरी गेलेल्या. शेजारीही कुणी उचलेना.

तशीच दुचाकी काढली.

झळा लागू नयेत म्हणून शेडाचे पडदे खाली सोडलेले, आत सगळीकडे पाणी मारलेलं, आणि लाईट गेल्यामुळे पंखे बंद. दार लोटलं तशी तोंडावर वाफच आली. तात्या भिंतीला टेकून बसले होते, शेजारी बादली आडवी पडलेली. त्यांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. घामाचा थेंब नव्हता.

"तात्या!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आई, तू कवा आलीस?"

माझी आजी जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर सावलीत आणलं. हौदातलं पाणी अंगावर ओतत राहिले, ओरडत राहिले. रस्त्यानं जाणारा दुधाचा टेम्पो थांबला. त्यातूनच त्यांना दवाखान्यात नेलं. वाटभर त्यांच्या मानेवर ओला पंचा धरून मी विचारत होते, "मी कोण? सांगा ना, मी कोण?"

संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं. "पोरी, कोंबड्या?" पहिला प्रश्न हाच. निम्म्या मेल्या होत्या. त्या दिवशी मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर काकूंसमोर म्हणाले, "दुपारचं आत न्हाय जायाचो आता." पडदेही वर बांधले. तरी आकडा चढायला लागला की मी फोन लावते. एकदा ते ओसरीवर झोपले होते, फोन आत वाजत राहिला. जागे होऊन त्यांनी उलट फोन केला तेव्हा मी काटेवाडीच्या फाट्यापर्यंत पोचले होते.