कंदील तर जळत होता

पणदऱ्याच्या शिवारात त्या सकाळी धुकं असं बसलं होतं की उसाचे शेंडे तेवढे वर तरंगत होते. शंभूराज पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दारं धरत होता. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढायची, पाणी पुढच्या सरीत सोडायचं. पाणी गार होतं, बोटं बधिर करणारं. पण रणजितदादा गेल्यापासून त्याला आतून काही लागायचंच बंद झालं होतं, तिथं पाण्याची काय कथा.

दादाची बायको, सारजावहिनी, बांधावरनं पदर सावरत आली. हातात त्याचा फोन.

"भावजी, सायबांचा हाय. म्या सांगितलं, पान्यात हायत म्हनून. तर म्हनले, आम्हीही पाण्यातच आहोत."

शंभूराज हसला नाही. पाणी तसंच सोडून तो घराकडं वळला.

समुद्राच्या तळाशी तेलाच्या, गॅसच्या विहिरी जहाजावरनं खोदतात. प्रत्येक टप्प्याला पुढं जावं का थांबावं, कुठं जिवाला धोका आहे, हे पाहून कळवणं शंभूराजचं काम. आधी तो जहाजावरच असायचा; दादा गेल्यावर त्यानं घरनं करायचं काम मागून घेतलं. बाप म्हस्कूतात्या चारचौघांत म्हणायचे, "वाडवडलांनी मेंढरं राखली, आन् ह्यो समुद्राची भोकं राखतो!" आताशा तेही म्हणत नसत.

गोठ्याच्या दारात उभा राहून तो फोनवर बोलू लागला. पलीकडं जहाजावरचे देवधरसाहेब.

"अरे, विहिरीच्या तोंडावरच्या झडपेची चाचणी मागच्या आठवड्यातच झालीय. मस्त दाब धरला होता तिनं. पुढच्या चाचणीला अजून मुदत आहे. तू हो म्हण, आम्ही खोदायला लागतो."

"चाचणीनंतर बंद झडपेतून पाईप खालीवर केलाय ना, साहेब?"

"केलाय थोडा."

"मग आतलं रबर घासलं असेल. खालनं गॅस उसळला तर झडपेला तो अडवता यायचा नाही."

"असेल, नसेल! पुन्हा चाचणी म्हणजे सगळं काम ठप्प. वरच्यांना उत्तर तू देणार का?"

शंभूराजची नजर मेढीला टांगलेल्या कंदिलावर गेली. काचेवर काजळी तशीच होती, कुणी पुसली नव्हती.

जुन्या विहिरीत उतरायचं तर आधी दोरानं कंदील सोडायचा, ही इकडची रीत. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. विहिरीला ती रीत खरी. पण त्या दिवशी गोबरगॅसची टाकी तुंबली होती. तात्यांनी झाकण काढून आतला जळणारा गॅस जाऊ दिला आणि तिच्यातही कंदील सोडला. तो जळत राहिला, म्हणून दादा उतरला आणि त्यानं तळाचा साका खोऱ्यानं ढवळला. ढवळल्यावर जो विषारी वायू वर आला त्यानं कंदील विझत नाही, माणूस विझतो. तात्या दोर धरून हाका मारत राहिले. "आरं, कंदील तर जळतुया!" कितीतरी वेळ ते एवढंच म्हणत होते.

शंभूराज तेव्हा जहाजावर होता. वहिनीनं फोनवर हंबरडा फोडला, आणि याच्या तोंडातनं पहिला शब्द निघाला तो, "साका ढवळला होता का?" रडू नंतर येईल असं त्याला वाटलं होतं. ते आलंच नाही.

"ऐकतोयस ना?" साहेब म्हणाले.

"ऐकतोय. चाचणी घेतली तेव्हा झडप चांगली होती, साहेब. त्यानंतर आपण ढवळलंय. पुन्हा घ्या. त्याशिवाय माझा होकार नाही."

"बारामतीच्या उसात बसून तू आमचं जहाज थांबवतोस होय रे!" फोन कट झाला.

तात्या म्हशीखाली बसले होते. धार थांबली.

"नगं म्हनलास?"

"व्हय."

"आन् काय खोट न्हायच निगाली तर?"

"तर न्हाय निगाली."

धार पुन्हा सुरू झाली, पण जरा अडखळत.

दुपारी जेवायला बसले तेव्हा फोन आला. झडपेनं दाब धरला होता. थेंबभर गळती नाही. "झालं तुझं समाधान? पुढच्या विहिरीला आम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारू," साहेब म्हणाले. शंभूराज "बरं" म्हणाला.

"काय झालं वो?" वहिनीनं भाकरी मोडत विचारलं.

"काय न्हाय. झडप धडधाकट निगाली. सायेब तापलेत. फुडच्याला मला इचारनार न्हाईत."

वहिनीचा हात ताटावर तसाच राहिला.

"जहाजावरची समदी हायत न्हवं?"

"हायत."

"मग बरं झालं की," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.

तात्यांनी मान वर केली नाही. घास मात्र बराच वेळ चावत राहिले.

आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून शंभूराजनं थोडी वाट पाहिली. कालवण तिखट होतं, एवढं कळलं. मग त्याच्या ध्यानात आलं, सकाळी पाणी तसंच सोडून आलोय. एव्हाना सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरलं असणार. त्यानं हात धुतला, भिंतीशी टेकवलेलं खोरं खांद्यावर टाकलं आणि उसाकडं चालू लागला.