धोंडा, चंद्र आणि माझी सुकट

२०३२ सालच्या डिसेंबरपर्यंत मला मासे वर्ज्य आहेत, आणि याला एक लघुग्रह जबाबदार आहे. (लघुग्रह म्हणजे अंतराळात भटकणारा धोंडा, हा एखाद्या मोठ्या इमारतीएवढा.) मी राहतो देवबागेत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधोमध मी वरणभात कालवत बसलेला.

चूक माझीच. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा धोंडा त्या साली पृथ्वीवर आदळण्याची एक टक्का शक्यता आहे, असं मी जेवताना आईला सांगून बसलो. पुढे शक्यता दोन टक्के झाली, मग तीन. आई रोज सकाळी ताप विचारावा तसं विचारायची, "आज किती?"

मी समजावलं. चष्मा हरवला की एकेक खोली शोधून होते, तसा उरलेल्या दोन खोल्यांवरचा संशय वाढत जातो. शेवटी चष्मा एकीत सापडला की दुसरी सुटते. निरीक्षणं वाढली की पृथ्वीही अशीच सुटेल. आईला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर तीन टक्क्यांना मीही रात्री उठून फोन बघत होतो.

आई मला देवळात घेऊन गेली. गावकार, म्हणजे गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालू लागले, लोक रीतीप्रमाणे प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणू लागले. मी खांबाआड फोनवर आजचा आकडा शोधत होतो, पण सवयीने सगळ्यांत मोठा आवाज माझाच. बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, मागितलं काय?

"तो धोंडो फुडे जायसर तू म्हावऱ्याक हात लावचंस नाय, असां सांगलंय."

"मासे मीच कित्याक सोडू?"

"ही खबर घरात तू हाडलंस मां?"

काही दिवसांत पृथ्वी सुटली! शक्यता जवळजवळ शून्य. हे नव्या मोजमापांमुळे, असं मी म्हणताच आईने विचारलं, "तुझ्या दुर्बिणवाल्यांनी म्हावरा सोडल्यानी काय?" तरी ती विरघळली. बायकोने बांगड्यांना हळद-मीठ लावलं, तवा तापला. आईने शेवटचं विचारलं, "सगळो धोको गेलो मां?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. देवळात जमलं, घरात जमलं नाही.

"पृथ्वी सुटली," मी म्हणालो. "चंद्रार आपटतलो असो थोडो संशय आसा."

आईने माझं ताट बाजूला सारलं. "चंद्र तुझो मामा. म्हणजे माझो भाऊ. तो काय परको?"

बांगडे त्या दोघींनी खाल्ले.

परवा घरात कोणी नसताना मी चिमूटभर सुकट तोंडात टाकली आणि लगेच फोन उघडला. चंद्राची शक्यता किंचित वाढली होती. नव्या निरीक्षणांमुळे, हे मी कुणालाही चष्म्याचं उदाहरण देऊन समजावू शकतो. पण आधी चूळ भरली, आणि मग देवाकडे तोंड करून एकट्यानेच "व्हय म्हाराजा" म्हणालो.