बोरीच्या पुढचा रस्ता

परभणीला डी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा माझा मुलगा नुकता पाऊल टाकायला लागला होता. नवरा नांदेडला नोकरीला, म्हणून लेकराला येलदरीला आईपाशी ठेवलं. शनिवारी एस.टी.नं जायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात गाड्या बंद राहायच्या आणि माझा शनिवार हुकायचा. असे हुकतच गेले, तेव्हा सायकलनं जायचं ठरवलं.

आधी सवय व्हावी म्हणून रोज सकाळी पेडगावपर्यंत जाऊन यायला लागले. दुखऱ्या पायांचं काही वाटायचं नाही. मन मात्र अर्ध्या वाटेतच म्हणायचं, पुरे, फीर माघारी. मग मी लांबचा रस्ता बघणंच सोडलं. समोरच्या बाभळीपर्यंत जायचं, तिथं पोचलं की पुढची बाभूळ धरायची. बाकी काही मनात येऊ द्यायचं नाही.

निघाले त्या दिवशी जिंतूरच्या रस्त्यावर वारा समोरून होता. बोरीजवळ रास्ता रोको. आमच्याच समाजाची पोरं दगड मांडून बसली होती.

"ताई, कुठं निघालाव?"

"येलदरीला. लेकरू हाय तिथं."

एकानं उठून दगड सरकवला. "जय भीम, ताई. दमानं जावा."

बोरीच्या पुढचं सांगायला अजून जड जातं. वारा पडला. पाय आपोआप फिरू लागले, आणि मी चक्क गाणं म्हणायला लागले. किती तरी वेळ आपल्याला मूल आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आठवलं तेव्हा चोरी करताना कुणी हात धरावा तसं झालं. खाली उतरले. सायकल धरून नुसती उभी राहिले. त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेले, तर झटकन येईना.

दुपार कलल्यावर पोचले. तो अंगणात मातीत खेळत होता. मला बघून आईच्या लुगड्याआड दडला. माझे धुळीनं भरलेले पाय बघून आईच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"आगं माय, एवढ्या उन्हात! लेकरासाठी वाटंनं लय रडली असशील?"

"हो," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी त्याला परभणीला आणलं. आता त्याला मुलं आहेत. त्यांना तो कौतुकानं सांगतो, "आजी माझ्यासाठी येलदरीपर्यंत सायकल हाणत आली होती." नातवंडं माझ्याकडं बघायला लागतात. मी उठते आणि चहाचं आधण ठेवते.